अंगाला लोखंड लावणार नाही

आखातात युद्ध पेटलं आणि रत्नागिरीत माझ्या आईचं ऑपरेशन रद्द झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, असं डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, "देवी." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"युद्ध तिकडे, पेशंट इकडे. मधेच देवी कुठून आली?"

हे त्यांना समजावून सांगायला मला वीस मिनिटं लागली. बाहेर बसलेल्या बायका दाराकडे बघून सुस्कारे सोडत होत्या. बाई मूळच्या कोल्हापूरकडच्या, तोंडाने फटकळ आणि हाताने हलक्या. कोकणात बारा वर्षं काढूनही आमची माणसं आपल्याला कळत नाहीत, असं त्या उघड म्हणत. मला तरी कुठे कळतात? मी तर त्यांच्यातलीच.

मी शहरात एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. अठरा वर्षं झाली. दिवसभर लोकांच्या लघवीबद्दल आणि शौचाबद्दल मी चारचौघांत मोठ्याने बोलते, त्याची मला काडीची लाज वाटत नाही. गाव आमचं जयगडच्या वाटेवर, खाडीपासून थोडं वर. वडील गेल्यापासून आई तिथे एकटीच राहते. गावी गेले की शेजारणी माझं स्वागत प्रेमाने करतात, पण आधी पदर दंडावर ओढून घेतात.

आईच्या दुखण्याचं नाव मात्र आमच्या घरात कोणी घेत नसे, कारण ते दुखणं आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. मला ते कळलं दीड वर्षापूर्वी, तेही ती न्हाणीत घसरून पडली म्हणून. तिचं गर्भाशय खाली उतरलं होतं. बायका त्याला 'अंग बाहेर येणं' म्हणतात आणि तेवढंही एकमेकींच्या कानातच. आईने ते अडतीस वर्षं कानातसुद्धा सांगितलं नव्हतं. माझा धाकटा भाऊ जन्मला आणि तिसऱ्या आठवड्यात ती डोक्यावर भाताचे भारे घेऊन घाटी चढली, तेव्हापासूनचं हे. बसताना खांब धरायचा, शिंक आली की चौकट धरायची, लग्नाला गेलं की आधी मोरी कुठे आहे ते बघून ठेवायचं. या युक्त्यांवर तिने दोन मुलांची शिक्षणं, माझं लग्न आणि वडिलांचं तीन वर्षांचं आजारपण निभावून नेलं. मला ते कळलं त्या दिवशी मी तिच्यावर इतकी ओरडले की शेजारची काकी धावत आली. मग आम्ही दोघींनी तिला सांगितलं की दूध उतू गेलं.

दीड वर्ष मी तिच्या मागे लागले. शेवटी लघवी तुंबून ताप यायला लागला तेव्हा ती डॉक्टरीणबाईंकडे आली. बाईंनी सोनोग्राफी बघून सांगितलं, "किडनीला सूज आलीय. आता ऑपरेशन करू. पावसाळ्यापर्यंत थांबायचं असेल तर मग माझ्याकडे आणू नका, किडनीवाल्यांकडे न्या." आई घाबरली आणि हो म्हणाली. सोमवार ठरला.

आदल्या शुक्रवारी टीव्हीवर जळतं जहाज दाखवलं.

माझा भाऊ मालवाहू जहाजावर फिटर आहे. जळालं ते त्याचं जहाज नव्हतं. त्याचं जहाज आखातात नांगर टाकून उभं होतं. पुढे जायची परवानगी नव्हती, मागे फिरायची सोय नव्हती. पण टीव्हीवाले तेच एक जहाज दर पाच मिनिटांनी पुन्हा पेटवत होते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत आईच्या हिशेबाने सगळं आरमार बुडालं होतं. ती ओल्या केसांनी उठली, ग्रामदेवीच्या देवळात गेली आणि नवस बोलून आली. माझा पोर घरी येईपर्यंत मी अंगाला लोखंड लावणार नाही.

मी शनिवारी तिला न्यायला गेले, तर ती अंगणात कोकमं निवडत बसली होती.

"कपडे भरलेस?"

"मी नाय येत." आणि तिने नवस सांगितला.

"आई, ऑपरेशन सोमवारी आहे!"

"मग? सुरी लोखंडाचीच असते ना?"

"स्टीलची असते."

"स्टील म्हंजे लोखंडच. मना शिकवू नको. अगो, त्याच्यावर तिकडं आभाळातून लोखंड पडतंय, आणि मी हिकडं माझ्या हातानं अंगाला लावून घेऊ?"

मला खरं तर तिचा संशयच आला. ऑपरेशन तिला पहिल्यापासून नको होतं, त्यात युद्ध आयतंच मिळालं, असं मला वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझा स्वभाव असा की तोंडातून शब्द गेल्यावर मग विचार येतो.

पण नवस तिने पाळला, आणि वकिलाला लाजवेल अशा काटेकोरपणे पाळला. साडीची पिन काढून टाकली, पदर गाठ मारून खोचायला लागली. केसांतला आकडा गेला. विळीवर मात्र रोज भाजी चिरायची. मी म्हटलं, "ही काय लाकडाची आहे?" तर म्हणाली, "विळी भाजीला लागते, मना नाय." एसटी चालेल का? चालेल, कारण एसटी अंगाला लावत नाहीत, माणूस तिच्या आत बसतो. मग एका रविवारी भाजीसाठी फणसाची कोवळी कुयरी चिरताना विळीने तिचा अंगठा कापला. रक्त बघून मला इतका आनंद झाला की माझीच मला लाज वाटली.

"लागलं! लोखंड लागलं! नवस मोडला, चल आता."

ती अंगठा तोंडात धरून शांतपणे म्हणाली, "लागलं. लावलं नाय."

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक तारीख दिली, शिमग्यानंतरचा गुरुवार. त्यानंतर भूल देणारे डॉक्टर महिनाभर सुट्टीवर जाणार होते, आणि महिनाभर थांबायला किडनी तयार नव्हती. आईला पुन्हा ताप येऊन गेला होता. भाऊ गुरुवारपर्यंत घरी येणं शक्यच नव्हतं. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं की जहाज कधी हलणार. म्हणजे हा नवस भाऊ येऊन सुटणार नव्हता, तो दुसऱ्याच कुठल्या तरी वाटेने सोडवायला हवा होता.

आमच्याकडे माणूस अडला की देवीला कौल लावतात. गुरव मूर्तीवर पाण्याने पाकळ्या चिकटवतो, प्रश्न सांगतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. माझा लॅबमधल्या रिपोर्टवर जेवढा विश्वास आहे तेवढा पाकळीवर नाही. पण आईचा रिपोर्टवर अजिबात नव्हता, म्हणून मी देवळात गेले.

गुरव माझ्या वर्गातला. चौथीत आम्ही एका बाकावर होतो. त्याने पाकळ्या लावल्या आणि विचारलं, "सांग, काय इचारायचं?"

आणि माझी दातखीळ बसली. दिवसभर हातात लघवीच्या बाटल्या घेऊन फिरणारी मी, माझ्या तोंडून 'गर्भाशय' हा शब्द त्याच्यापुढे निघेना. मी म्हटलं, "आईचं एक काम आहे. ते आता करावं की नको?"

डावी पडली. पुन्हा लावलं. पुन्हा डावी.

गुरव म्हणाला, "देवीला कळलं नसंल. काम कसलं? घराचं? जमिनीचं?"

"जाऊ दे," म्हणून मी नारळ ठेवून पळून आले. रात्रीच्या जेवणाआधी सगळ्या वाडीला कळलं होतं की आमची आई आंब्याची बाग विकायला काढते आहे आणि देवी नको म्हणते आहे. सकाळी चुलतकाका काठी टेकत हजर. "आम्ही मेलो काय गो? बाहेरच्याला विकण्याआधी घरात तरी इचारायचं!" मी जितकं नाही म्हटलं तितकी त्यांची खात्री पटत गेली. आई आतून ऐकत होती. बाग विकतेय असं गावाला वाटलेलं तिला चाललं, पण खरं कारण सांगितलेलं चाललं नसतं.

त्या दिवसांत मी दोघांच्या गुपितांचं कपाट झाले होते. आईची ताकीद होती की भावाला तिच्या दुखण्याचं कळता कामा नये, आधीच तो तिकडे अडकलाय. भावाची ताकीद होती की आईला यातलं काही सांगायचं नाही: ते सगळे लाइफ जॅकेट अंगावर घालून जिन्याखाली झोपतात, पिण्याचं पाणी मोजून मिळतं, परवा डोक्यावरून काहीतरी गेलं आणि कोणालाच कळलं नाही काय ते. आईला मी सांगायचे, तो मजेत आहे, वजन वाढलंय. त्याला सांगायचे, आई मजेत आहे, कोकमं निवडते. जहाजावरचं वायफाय दिवसाला थोडा वेळ मिळे, तो सगळा आम्ही एकमेकांना थापा मारण्यात घालवत होतो.

बाग विकण्याचा विषय त्याच्यापर्यंतही गेला. मुंबईतल्या कोणीतरी कळवलं. त्याने फोन केला आणि पहिल्याच वाक्यात म्हणाला, "ताई, मी इथे मरतोय आणि तुम्ही बाग विकताय?"

झालं. माझं डोकं फिरलं.

"बाग नाही विकत, मूर्खा! आईचं अंग बाहेर येतंय. किडन्या सुजल्यात. ऑपरेशन ठरलेलं तिने तुझ्यासाठी सोडलंय. तू येईपर्यंत लोखंड लावणार नाही म्हणते."

 

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"तू जन्मलास तेव्हापासून."

मग तो म्हणाला, "ती बसताना खांब धरते ना. मला वाटायचं तिला सवयच आहे ती." तो रडत होता, आणि मीही लॅबच्या मागच्या जिन्यात बसून रडत होते. मी त्याच्यावर उगाच ओरडले. जन्माला आला यात त्याची काय चूक? पण अडतीस वर्षांचा राग कोणावर काढायचा हेही मला कळत नव्हतं.

शेवटी तो म्हणाला, "पालखी आपल्या दारात कधी येते? माझ्या नावाचा नवस आहे ना, मग मी बोलतो देवीशी."

शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर येते. देवळात गुरवाच्या मार्फत बोलायचं, पण पालखी दारात आली की घरच्यांनी थेट बोलायचं. गावचे वयोवृद्ध मानकरी ते गाऱ्हाण्यात घालून देवीला मोठ्याने सांगतात आणि जमलेले सगळे पुरुष प्रत्येक वाक्याला 'होय महाराजा' म्हणून साथ देतात. आमच्या दारात पालखी मंगळवारी दुपारी येणार होती. ऑपरेशन गुरुवारी. मी रजा टाकून गावी गेले, आईला काही बोलले नाही.

पालखी नाचत आली. मुंबईहून आलेले सगळे खांदेकरी, ढोल, ताशा, घामाने भिजलेले चाळीस-पन्नास पुरुष. अंगणात सारवलेल्या जागी पाटावर पालखी टेकली. आई ओटीचं ताट घेऊन उभी राहिली. मी फोन लावला आणि देवीसमोर धरला. पडद्यावर भाऊ नारिंगी बॉयलर सूटमध्ये, मागे नुसता राखाडी समुद्र.

सगळे फोनभोवती गोळा झाले. "काय रे, मिसाईल बघितलीस काय?" "रात्री आवाज येतो?" "पगार डबल देतात ना?"

मानकरी काकांनी हात वर केला. "आधी देवीचं. मिसाईलचं मागनं."

त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. "बा महाराजा, ह्या घरचा पोरगा लढाईत अडकलाय, त्याला सुखरूप घरी आण रे महाराजा!"

"होय महाराजा!" अंगण दणाणलं.

तेवढ्यात फोनमधून भावाचा आवाज, तीन-चार सेकंद मागून येणारा. "काका, माझं थांबवा. माझ्यासाठी आई नवस बोललीय. तो आधी सोडवा."

"कसला नवस?"

भावाने माझ्याकडे बघितलं. म्हणजे कॅमेऱ्याकडे. त्यालाही बोलवेना.

"असं मोघम नाय चालत," मानकरी म्हणाले. "देवीला नीट सांगायला लागतं."

"बागेचं असेल तर सगळ्यांसमोर बोला!" चुलतकाकांनी काठी आपटली.

मी तोंड उघडलं. पुन्हा तेच. चाळीस पुरुष माझ्याकडे बघत होते आणि माझ्या तोंडातून हवासुद्धा येत नव्हती.

आईने ताट पालखीपुढे ठेवलं. खाली बसायला खांब नव्हता, म्हणून ती उभीच राहिली. देवीकडे बघून, शेजारणीशी बोलावं तशी बोलली.

"बागेचं नाय. माझ्या अंगाचं हाय. माझं अंग बाहेर येतं. ह्या पोराच्या टायमापासनं. आता ऑपरेशन करायचं सांगितलंय आणि मी तुला बोलून बसलंय का लोखंड लावणार नाय म्हणून." तिने पदराची गाठ घट्ट केली. "मना भ्या वाटतं, ते पण सांगते. हा तिकडं असा, आणि मी हिकडं टेबलावरच गेलं, तर तो आला म्हंजे यायचा कुणाकडं?"

मी तिच्यावर संशय घेतला होता. मला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

ढोलवाला ढोलाची दोरी तपासायला लागला. मुंबईकरांना एकाएकी आपापल्या चपला बघाव्याशा वाटल्या. मानकरी काकांनी पन्नास वर्षांत कोर्टकचेऱ्या, विहिरी, नोकऱ्या, अडलेली लग्नं, सगळं देवीच्या कानावर घातलं होतं, पण हे त्यांच्या गाऱ्हाण्यात कधी आलं नव्हतं. त्यांनी दोनदा खाकरून घसा साफ केला.

"बा महाराजा," ते म्हणाले, "ह्या माऊलीनं पोरासाठी बोललेला शब्द तू माघारी घे. पोरगा आला का पुढल्या शिमग्याला तुझ्या पालखीला खांदा देईल. आणि तिचं..." इथे ते अडकले. "तिचं अंग जागच्या जागी बसव रे महाराजा!"

सगळ्यांच्या मनात एकच, की याला होय म्हणायचं तरी कसं? मग चुलतकाका, ज्यांच्या लेखी बाग वाचली होती, ते काठी उंच करून ओरडले, "होय महाराजा!" आणि मग चाळीस-पन्नास गळ्यांतून एकदम निघालं, "होय महाराजा!" माझ्या आईच्या गर्भाशयासाठी. खाडीपलीकडे ऐकू गेलं असेल.

ते सगळं विरून गेलं. मग फोनमधून एकटाच आवाज आला, तीन सेकंद उशिरा, फाटलेला. "होय महाराजा."

त्या दिवशी आमच्या दारात ओटी भरायला फार वेळ लागला. शेजारच्या बायका एकेक करून ताट घेऊन येत होत्या आणि देवीपुढे वाकताना माझ्या कानाशी थांबत होत्या. "गो, त्या डॉक्टरणीकडं आधी नंबर लावायला लागतो काय?" "पोट फाडतात का खालनंच करतात?" एक तर म्हणाली, "माझं चवदा वर्षं," आणि खण ठेवून निघून गेली. मानकरी मागून ओरडत होते की पुढच्या वाडीत जेवणं खोळंबलीत, देवीला सोडा आता. पालखी दीड तास उशिरा उठली.

गुरुवारी मी आईला घेऊन निघाले तेव्हा गाडीत आमच्याबरोबर काकी होती आणि आणखी दोघीजणी. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला रांगेने आत येताना पाहिलं. "एका पेशंटची तारीख दिली होती," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "बाकीच्यांना फक्त तपासा." त्यांनी या वेळी कारण विचारलं नाही.

आईला आत नेलं. बाहेर माझा फोन थांबेना. युद्धात होता तो आणि काळजीने जीव जात होता त्याचाच. 'नेलं का?' 'सुरू झालं का?' 'रक्त लागलं तर आहे ना?' दर दोन मिनिटांनी. त्याचा वायफायचा वेळ संपत आला होता आणि पुढचा निरोप दुसऱ्या दिवशीच गेला असता. म्हणून मी त्याला कळवलं, 'झालं. उत्तम झालं.' दाराबाहेरचा लाल दिवा अजून चालूच होता.

दिवा विझायला आणखी एक तास लागला. बाई बाहेर आल्या आणि झालं म्हणाल्या.

आई शुद्धीवर येताना ओठ हलवत होती. मी कान जवळ नेला.

"जहाज सुटलं?"

"सुटलं," मी म्हटलं. "सकाळीच सुटलं. येतोय तो."

तिने डोळे उघडून माझ्याकडे नीट बघितलं, मग पुन्हा मिटले.

त्याला सांगितलेलं खोटं तासाभरात खरं झालं. तिला सांगितलेलं खरं व्हायला सव्वीस दिवस लागले, आणि त्या सव्वीस दिवसांत आईने मला एकदाही विचारलं नाही की तो आता कुठपर्यंत आला.